देणारी समोर असताना



गेल्या महिन्यात सांगलीहून काकींचा, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंचा फोन आला. "रविवारी सगळे या. माझ्या हातानं थोडं वाटून टाकायचं आहे." काकी 88 वर्षांच्या. तब्येत वयाच्या मानानं चांगली, रोजचं देवदर्शन आणि सूर्यास्ताआधी जेवण अजून चुकलेलं नाही. माझ्या तोंडावर नेहमीचंच वाक्य आलं होतं, "काकी, असं का बोलता? तुम्हाला शंभरी गाठायची आहे." पण मी ते गिळलं. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते आणि ते आमच्या घराला फार महाग पडलं होतं.

1998 सालची गोष्ट. चैत्रातली दुपार होती. माझ्या सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि मला हाक मारली. "बस जरा. कुठलं काय, कुणाचं काय, तुला सांगून ठेवते." मी म्हटलं, "आई, भरल्या घरात असं अभद्र कशाला बोलायचं? दळण आणायचं आहे, मग बघू." त्यांनी काही न बोलता ट्रंक लावली. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पुढे दोन वर्षं त्या होत्या. समोरचं सगळं त्यांना कळत होतं, पण सांगता काही येत नव्हतं.

त्या गेल्यावर ट्रंक उघडली. पाटल्या, बिलवर, ठुशी यांचं काही नव्हतं. अडलं एका जुन्या पुतळ्यांच्या माळेपाशी. धाकटी जाऊ म्हणाली, "आईंनी मला देते म्हटलं होतं." नणंद म्हणाली, "ती लेकीची असं मी लहानपणापासून ऐकलंय." मलाही वाटत होतं की मोठी सून म्हणून ती माझ्याकडे यावी. खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण साक्षीदार कुणालाच नव्हता. शेवटी पुरुषमंडळींनी तोडगा काढला, वजनावर समान वाटा. माळ सराफाकडे गेली, मोडली गेली आणि प्रत्येकीला सारखे ग्रॅम मिळाले. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मीच तपासला. तो बरोबर होता. पण त्यानंतर चार वर्षं नणंद भाऊबीजेला आमच्या घरी आली नाही.

ट्रंकेबरोबर एक तांब्याचं घंगाळही होतं. त्यावर एका बाईचं नाव आणि 1938 साल कोरलेलं. ती बाई कोण, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून काकींचा फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. जिवंतपणी दिलेलं घेणं आपल्याला अभद्र वाटतं, ते कुठून आलं? आपल्या शास्त्रांत, आपल्या इतिहासात तसं आहे का? गेली बरीच वर्षं स्वाध्यायात जे वाचलं ते पुन्हा काढून पाहिलं. आणि उलटंच चित्र दिसलं.

आदिपुराणातला गृहत्याग

आचार्य जिनसेन नवव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना मानत असे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. सोलापूरहून आपल्यापैकी अनेकींनी तो रस्ता केला असेल. जिनसेनांच्या आदिपुराणात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. चौथीलाच सकलदत्तीही म्हणतात. आपला वंश आणि आपला धर्म पुढे चालावा म्हणून गृहस्थानं सगळा कारभार पुढच्या पिढीच्या हाती सोपवणं म्हणजे सकलदत्ती. म्हणजे वारसा देणं हे आपल्याकडे दानाच्या यादीत बसवलं आहे. आणि दान म्हटलं की देणारा हयात असणं आलंच.

याच ग्रंथात गर्भान्वय क्रिया 53 सांगितल्या आहेत. त्यांतली एक गृहत्याग. ती कशी करायची ते वाचण्यासारखं आहे. गृहस्थानं आधी सिद्धांची पूजा करायची, मानाच्या माणसांना बोलवायचं आणि त्यांच्या साक्षीनं थोरल्या मुलाला सांगायचं, आमच्यामागे कुळाची रीत तू सांभाळ. द्रव्याचे तीन भाग करायचे. एक धर्मकार्याला, दुसरा घरखर्चाला, तिसरा भावंडांत वाटायला. आणि पुढे स्पष्ट म्हटलं आहे की मुलीही मुलांच्या बरोबरीनं समान वाट्याच्या हक्कदार आहेत.

मैत्रिणींनो, हे नवव्या शतकात लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारी दुरुस्ती 1994 साली झाली, तीही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. देशभर तो हक्क 2005 साली आला. अकराशेहून अधिक वर्षं ती ओळ आपल्याच ग्रंथात होती आणि आपण मात्र लेकीची बोळवण लग्नातल्या भांड्यांवर करत राहिलो.

पुढे तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात परिग्रहत्याग प्रतिमेच्या वेळी हेच सांगितलं. योग्य मुलाला, तो नसेल तर गोत्रातल्या तशाच योग्य माणसाला बोलवावं आणि जातीतल्या ज्येष्ठांच्या व साधर्मींच्या समोर सगळं त्याच्या स्वाधीन करावं. इथं मुलीचं नाव नाही, हे खरं. पण दोन्ही ग्रंथांत तीन गोष्टी सारख्या आहेत. देणारा बोलता आहे, घेणारा समोर आहे आणि साक्षीला माणसं आहेत. आमच्या पुतळ्यांच्या माळेच्या वेळी या तिन्हींपैकी एकही नव्हती.

धरसेनाचार्यांचं पत्र

श्रुतपंचमीला आपण सगळ्या ही कथा ऐकतो, पण वारसा म्हणून तिच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. महावीर निर्वाणानंतर सहाशेहून अधिक वर्षं लोटली होती. गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेनाचार्य होते, वृद्ध झालेले. त्यांच्यापाशी जे श्रुत उरलं होतं ते त्यांच्याबरोबर जाईल अशी चिंता त्यांना लागली. तेव्हा त्यांनी जमलेल्या मुनिसंघाला पत्र पाठवलं. त्यांनी वाट पाहिली नाही, स्वतःहून कळवलं. आणि तिकडूनही "आचार्य, असं का म्हणता" असं उत्तर आलं नाही. दोन मुनी निघाले, तेच पुष्पदंत आणि भूतबली.

ते आल्यावर आचार्यांनी लगेच शिकवायला सुरुवात केली नाही. आधी दोघांना एकेक मंत्र दिला, एकात अक्षर जास्त, दुसऱ्यात अक्षर कमी. दोघांनी चूक ओळखली, आपापला मंत्र दुरुस्त केला, तेव्हा आचार्यांना खात्री पटली. म्हणजे घेणाऱ्याचीही परीक्षा असते. दिलेलं नुसतं ठेवून घेणारा नको, त्यातलं उणं-अधिक कळणारा हवा. शिकवणं पूर्ण झालं तेव्हा आषाढ शुद्ध एकादशी होती. त्याच दिवशी आचार्यांनी त्यांना निरोप दिला. दोघांनी अंकलेश्वरला चातुर्मास केला आणि पुढे षट्खंडागम लिहिला गेला. त्या दोघांनी तेव्हा "मग बघू" म्हटलं असतं, तर आज श्रुतपंचमीला आपण कशाची पूजा केली असती?

ही साखळी पुढेही अशीच चालली. षट्खंडागमावरची धवला टीका वीरसेनाचार्यांनी 816 साली पूर्ण केली. दुसरी टीका, जयधवला, अर्ध्यावर असताना ते गेले. ती पूर्ण केली त्यांच्या शिष्यानं, म्हणजे वर सांगितलेल्या जिनसेनांनी, 837 साली. आणि जिनसेनांचं स्वतःचं महापुराण अपुरं राहिलं, ते त्यांच्या शिष्यानं, गुणभद्रांनी पुरं केलं. गुरूजवळ बसून ज्यानं ऐकलं होतं, त्यालाच ते पुढं नेता आलं.

बायकांचा वारसा

आता कुणी म्हणेल, हे आचार्यांचं आणि पुरुषांचं झालं. बायकांचं काय? बायकांच्या हाती फार काही नव्हतं, पण जे होतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं.

दहाव्या शतकाच्या शेवटी अत्तिमब्बे होऊन गेली, दानचिंतामणी म्हणून तिचं नाव आपण घेतो. गदग जिल्ह्यातल्या लक्कुंडीचं जिनालय तिनं बांधवलं. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिनं ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या. छपाई नव्हती तेव्हा. एक ग्रंथ आपल्या पेटीत जपून ठेवण्याऐवजी तिनं हजार घरांत तो जाऊ दिला.

अगदी आपल्या जवळचं उदाहरण लक्ष्मीबाई पाटलांचं. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या त्या पत्नी. साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणाला पैसा नसे, तेव्हा त्यांनी अंगावरचं सोनं एकेक करून काढून दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1930 साली त्या गेल्या. त्यांच्यामागे दागिने कुणाचे यावर भांडायला काही उरलंच नव्हतं. जे होतं ते मुलांच्या पोटात आणि पाटीवर गेलं होतं.

सामान्य घरातल्या बाईचा वारसा म्हणजे स्त्रीधन. याबाबत आपल्या भागाला लागू असलेला जुना कायदा मिताक्षरेचा. विज्ञानेश्वरानं तो ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य राजवटीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिला. त्यात आईच्या स्त्रीधनावर पहिला हक्क लेकीचा, त्यातही अविवाहित लेकीचा. शेतजमीन मुलांची, आईचं सोनं-भांडं मुलींचं, अशी ती वाटणी होती.

भांड्यावर नाव घालायची पद्धत मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. परातीवर, तांब्यावर, घंगाळावर माहेरचं नाव, साल, कुणी कुणाला दिलं ते. कागद जळतो, हरवतो, भांडं पन्नास वर्षं वापरात राहतं. ज्या बाईला सातबाऱ्यावर नाव नव्हतं, तिचं नाव निदान परातीवर होतं. आपण ती भांडी मोडीत घालतो तेव्हा वजन मोजतो, नाव वाचत नाही.

कायदा काय म्हणतो

17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला. तो आपल्यालाही, जैनांनाही लागू आहे. त्यानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, ही मोठी गोष्ट. पण एक बदल आपल्यापैकी बऱ्याचजणींना माहीत नाही. आता मृत्युपत्र न करता बाई गेली, तर तिची मुलं, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क लागतो. आईच्या दागिन्यांवर लेकीचा पहिला हक्क, ही जुनी रीत कायद्यात उरलेली नाही. आणि सून तर या यादीत नाहीच. तुमची ठुशी लेकीला जावी किंवा सुनेला जावी असं वाटत असेल, तर दोनच वाटा आहेत: मृत्युपत्र करा, नाहीतर आपल्या हातानं द्या.

द्यायचं कसं, तेही सोपं आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घर-जमीन द्यायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. दागिना किंवा भांडं असेल तर प्रत्यक्ष हाती दिलं तरी पुरतं. मात्र त्याच कायद्यात एक अट आहे. ज्याला दिलं त्यानं ते स्वीकारलं पाहिजे, आणि तेही देणारा हयात असताना, देण्याच्या अवस्थेत असताना. कॉलेजात हे कलम मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ सासूबाईंच्या खाटेशी बसून कळला. त्या हयात होत्या, पण देण्याच्या अवस्थेत राहिल्या नव्हत्या.

कराचंही सांगते. 1958 सालापासून देणाऱ्यावर दानकर होता, तो 1998 साली संपला. आता जवळच्या नातेवाइकानं दिलेल्या भेटीवर घेणाऱ्यालाही आयकर नाही. पण नातेवाईक कोण याची कायद्यात यादी आहे. काकी माझ्या नवऱ्याच्या यादीत बसतात, माझ्या बसत नाहीत! अशा यादीबाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त आलं तर कराचा प्रश्न येतो. म्हणून दागिना दिला-घेतला की एका वहीत तारीख, वजन, कुणी कुणाला दिलं, एवढं लिहून दोघींनी सही करावी. 1994 च्या सूचनेप्रमाणे आयकराच्या झडतीत विवाहितेचे 500 ग्रॅम, अविवाहितेचे 250 ग्रॅम आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. तरी जुन्या सोन्याचा मागमूस लिहिलेला असला की पुढच्या पिढीला उत्तर देता येतं.

आणि एक सावधगिरी. सगळंच देऊन मोकळं होऊ नये. राहतं घर मुलांच्या नावावर करून नंतर स्वतः दारोदार झालेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवायची सोय आहे. त्यासाठी ती अट कागदावर लिहिलेली असावी. जिनसेनांनीही घरखर्चाचा एक भाग आधीच वेगळा काढायला सांगितला आहे, हे विसरू नका. शिवाय हयातीत वाटलं म्हणजे भांडणं टळतातच असंही नाही. ऋषभदेवांनी दीक्षेपूर्वी भरताला अयोध्या आणि बाहुबलीला पोदनपूर दिलं, तरी भाऊ भावासमोर उभा ठाकला. लोभ कुणाच्याही मनात शिरू शकतो. पण निदान वडिलांनी कुणाला काय दिलं होतं, यावर त्यांच्यात वाद नव्हता.

रविवारी

आम्ही सगळे सांगलीला गेलो. काकींनी मुलं, सुना, लेकी, आम्ही पुतणे-सुना आणि माझी नणंद अशा सगळ्यांना बोलावलं होतं. सकाळी मंदिरात अभिषेक झाला. मग घरी सतरंजीवर त्यांनी एकेक वस्तू काढली आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती कुठली ते सांगितलं. त्यांची नात मोबाईलवर ते ध्वनिमुद्रित करत होती, मी वहीत लिहीत होते. मला त्यांनी चांदीचा लहानसा अभिषेकाचा कलश दिला. मी "कशाला काकी" म्हटलं नाही. ओंजळ पुढे केली, घेतला, पाया पडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते मी 1998 साली माझ्या सासूबाईंना नाकारलं होतं.

मग मी घंगाळावरचं नाव विचारलं. काकींनी एका क्षणात सांगितलं. ती माझ्या आजेसासऱ्यांची पहिली बायको. लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली. बाळही गेलं. दुसरी आली ती आमची आजेसासू. तिनं सवतीचं घंगाळ मोडू दिलं नाही. "आणि तिची पुतळ्यांची माळ होती," काकी म्हणाल्या. "सासूबाईंनी ती माझ्या जाऊबाईंकडे देताना मी तिथंच होते. तिला लेक बघायला मिळाली नाही, तेव्हा घरात जी पहिली लेक होईल तिला ही घालायची, असं सांगितलं होतं. कुठाय ती?"

घरातली पहिली लेक म्हणजे माझी नणंद. ती माझ्या शेजारीच बसली होती.

काकी त्या वेळी मुलाकडे परगावी होत्या. त्यांना एक फोन करून विचारावं, असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. मी काकींना खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. नणंदेनं माझा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या लहानपणीचं ऐकलेलं खरं होतं, एवढं तरी कळलं." घरी आल्यावर घंगाळ घासलं, चिंच-मीठ लावून लख्ख केलं आणि तिच्याकडे पोचतं केलं. माळ परत येणार नाही. नाव तरी तिच्याकडे राहील.

आता माझी ट्रंक. येत्या दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी मी लेकीला आणि सुनेला समोरासमोर बसवणार आहे. दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य, तेव्हा मनही थोडं रिकामं झालेलं असेल. तुमच्या घरात कुणी आजी, सासूबाई, आत्या, मावशी "बस जरा, तुला सांगते" म्हणाल्या, तर दळण उद्या आणा. वही-पेन घ्या आणि बसा.

जय जिनेंद्र.